सात मिनिटं

लेबुसाने डोंगरातून आणलेला आवाज
मी मासेरूच्या कचेरीत हेडफोन लावून ऐकते.
आधी वारा. मग खोगिराची करकर.
मग तो, थंडीने जड झालेल्या जिभेने:
"झरा. सिमेंटची टाकी, नळ मोडका.
बादल्या पाच, रांगेत. माणूस कोणी नाही."
मी सदतिसाव्या बिंदूवर निळा थेंब ठेवते.

"वाट फुटते. डावीकडची घोड्याची,
उजवीकडची फक्त शेळ्यांना ठाऊक."

लिहायला त्याचा हात मोकळा नसतो.
एक लगामावर, दुसरा घोंगडीच्या आत.
म्हणून तो बोलतो. एक यंत्र
बोलण्याच्या कडेला वेळ टाचून ठेवतं,
दुसरं त्याच वेळेला जागा.
माझं काम एवढंच,
या वेळेच्या काजात त्या वेळेचं बटण घालायचं.

चाळिसाव्याला कळलं, काहीतरी बिनसलंय.
चर्च नदीत उभं होतं.
मक्याची गिरणी कड्याच्या टोकावर, गिधाडांच्या शेजारी.
आणि शाळेच्या पटांगणात, जिथे पोरं चेंडू लाथाडतात,
म्मे मामोहाउ लेबुसाला सांगत होती,
"इथे आहे माझा पहिला. दगड मोज. चार.
पाचवा आहे तो आपोआप आलेला, तो धरू नकोस."

म्हणजे झराही खोटा. वाटही भलतीकडे फुटलेली.

मी फोन लावला. रेंज यायला त्याला टेकडी चढावी लागते.
धापा टाकत हसला:
"आदल्या रात्री सेल बदलले, घड्याळ पुसलं गेलं.
मग दुकानाच्या भिंतीवरचं बघून लावलं."
आणि दुकानदार रामाकात्सा
ते मुद्दाम सात मिनिटं पुढे ठेवतो,
दिवसाची एकच बस, कुणाची चुकू नये म्हणून.

सात मिनिटं म्हणजे घोड्याच्या चालीने
एक ओढा, एक चढ, आणि चढावर हासडलेली अर्धी शिवी.

मी सगळ्यांतून सात वजा केले.
चर्च नदीतून बाहेर आलं आणि चढावर जाऊन बसलं.
गिरणी गिधाडांचा निरोप घेऊन गावात परतली.
शाळेतून चार दगड उठले,
ओढा ओलांडून पीचच्या झाडांमागे गेले.
पोरांना पटांगण मोकळं.

एक तुकडा मात्र कुठेच बसेना.
लेबुसाने बटण दाबलेलं नाही, बिंदू नाही,
नुसता त्याचा आवाज, "मोहोडी, थांब जरा."
मोहोडी त्याचा घोडा. मोहोडी म्हणजे धुकं.
मग टापा थांबतात.
चाळीस सेकंद वारा, आणि वाऱ्यामागे
लगामाची कडी एकदा वाजते.
मग, "काही नाही. चल."

काय पाहिलंस, मी विचारलं.
म्हणाला, कधी? कुठे?
मी जागा सांगू शकले असते, मीटरभर इकडे तिकडे.
सांगितली नाही.
आमच्या खुणांच्या यादीत नळ आहे, पूल आहे,
मेंढ्यांचं औषधपाण्याचं टाकं आहे,
त्या चाळीस सेकंदांसाठी काही नाही.
जेवणाच्या सुट्टीत मी ते अजून ऐकते. पाप तेवढंच.

साहेब म्हणतात, एकेकट्या कबरी
या मापाच्या नकाशावर घ्यायच्या नसतात.
घ्यायच्या नसतात, मान्य.
पण बाईने मोजून दिलंय.
पाचवा दगड धरू नकोस म्हणाली, इतकी चोख.
असा चोख हिशेब मला
सरकारी विहिरींचाही मिळत नाही.

मी पीचच्या झाडांमागे छोटी चौकट ठेवली.
फॉर्मने नाव मागितलं.
आमच्याकडे बाईला पहिल्या मुलावरून हाक मारतात,
मूल राहो न राहो, हाक राहते.
रकान्यात मी तिचंच नाव लिहिलं,
पुढचं मा खोडून.